हजार तारे, चार जीबी

आमच्या घरात माझ्या नावावर दोनच गोष्टी आहेत: गॅसचं कनेक्शन आणि आकाशगंगेचा साधारण तिसरा हिस्सा. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे, कारण कर्ज तिच्या बँकेतून झालं. गाडी तिचीच, कारण ती चालवते. आकाशगंगा मात्र मी स्वतः मिळवली, रात्री अकरा ते दोन या वेळात, चार महिने जागून. त्यात माझी पाठ गेली आणि सोसायटीतली अब्रू गेली. अब्रू कशी गेली ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

कॉलेजात असताना आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कुणीतरी फ्लॉपीवरून ‘मास्टर ऑफ ओरायन’ आणला होता. 1993 सालचा गेम. ग्रह जिंकायचे, जहाजं बांधायची, शेजाऱ्याशी तह करायचा आणि सोयीने मोडायचा. त्यातली सगळ्यात मोठी आकाशगंगा 108 ताऱ्यांची. जपमाळेचे मणी तेवढेच असतात, त्यामुळे मला ती संख्या परिपूर्ण वाटायची. खेळ पाळीपाळीचा होता. आपली चाल झाली की बटण दाबायचं आणि कॉम्प्युटरची चाल होईपर्यंत वडापाव खायचा. त्याला वेळ लागला तरी तो विचार करतोय असंच वाटे. मशीन हळू आहे अशी शंका तेव्हा आली नाही, कारण तेव्हा आमचंही सगळं हळूच चालायचं.

पुढे नोकरी, लग्न, मुलगी, सोसायटीचं खजिनदारपद अशी एकेक आपत्ती येत गेली आणि अंतराळ सुटलं. ते परत आलं 2019 च्या पावसाळ्यात. गेमचा सेल लागला होता आणि मुलीने लॅपटॉपवर ‘स्टेलारिस’ उतरवून दिला. 2016 सालचा, स्वीडनमध्ये बनलेला. यात पाळी नाही, घड्याळ सतत चालतं. 1 जानेवारी 2200 ला सुरुवात होते, दिवस पुढे सरकतात आणि तीस-तीस दिवसांचे महिने पडत जातात. पहिल्याच पडद्यावर आकाशगंगेचा आकार विचारला जातो: 200 तारे, 400, 600, 800 की 1000?

“बाबा, दोनशे घ्या. फार तर चारशे,” मुलगी म्हणाली. “आपला लॅपटॉप चार जीबीचा आहे.”

आता मी अशा घरात वाढलो आहे जिथे शाळेचा गणवेश दोन वर्षं पुढच्या मापाने शिवला जायचा. पहिलीत असताना माझी चड्डी पोटरीपर्यंत यायची आणि चौथीत ती अंगाला बसली तेव्हा विरली होती. घ्यायचंच तर मोठं घ्यावं, पैसे तेवढेच पडतात, हे तत्त्व आमच्या रक्तात आहे. इथे तर दोनशे ताऱ्यांची आणि हजार ताऱ्यांची किंमत एकच! दोनशे कोण घेईल? मी हजार घेतले. शेजारी साम्राज्यं किती हवीत, तर भरपूर. राहण्याजोगे ग्रह किती, तर भरपूर. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईने अडीचशे ग्रॅम ऐवजी पाच किलो कोथिंबीर आणली असती तर तिने असंच पाहिलं असतं.

शिवाय हजार हा आकडा मला खरं तर कमीच वाटत होता. शहराबाहेर, अमावस्येच्या रात्री, नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. आमच्या गॅलरीतून मोजून अकरा दिसतात, आणि त्यातला एक मोबाइलचा टॉवर आहे.

पहिली शंभर वर्षं सोन्याची होती. मी साम्राज्याला ‘तिसरी पेशवाई’ असं नाव दिलं (दुसरी कुठे गेली, हे मुलीने विचारलं, मी उत्तर दिलं नाही). राजधानी शनिवारवाडा. मग सातारा, सासवड, चाकण, तासगाव अशा वसाहती होत गेल्या. जहाजांच्या ताफ्यांना आंग्र्यांच्या आरमारातली नावं दिली: गुराब, गलबत, पाल. अटकेपार तर मी दुसऱ्याच आठवड्यात गेलो. अटक नावाचा ग्रहच मी सीमेवर ठेवला होता, म्हणजे पुढचा प्रत्येक तारा आपोआप अटकेपार. चाळिसाव्या ग्रहापाशी गावांची नावं सुचेनाशी झाली. रात्रीचा दीड वाजला होता, समोर सोसायटीच्या मेंटेनन्सची फाइल पडली होती, म्हणून पुढच्या तीन ग्रहांना मी ‘ए विंग’, ‘बी विंग’ आणि ‘सी विंग’ अशी नावं देऊन झोपलो. माणूस झोपेत काय काय पेरून ठेवतो!

2300 च्या पुढे कुठेतरी काळ मंदावायला लागला. आधी वाटलं आपणच दमलोय. मग मी मोजायला लागलो. आमच्या ओट्यावर रात्री उशिरा दुसऱ्या दिवसाच्या डाळीचा कुकर लागतो, तोच माझा मापदंड. 2250 मध्ये एका कुकरात तीन शिट्ट्यांपर्यंत माझं वर्षभराचं राज्य व्हायचं. 2340 मध्ये तेवढ्याच वेळात पाच महिने. 2380 मध्ये डाळ शिजून, वरण होऊन, त्याला फोडणी बसली तरी आमचा फाल्गुन संपत नव्हता. आणि एक तारीख आली की सगळं थिजायचं. त्या दिवशी सगळ्या साम्राज्यांची महिन्याची जमाखर्चाची बेरीज होते: धान्य, खनिजं, पगार, नाराजी. तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढल्यामुळे एक तारखेचं दुखणं मला समजतं. पण आमच्या ऑफिसात निदान चहा तरी चालू असतो. इथे जहाजं जिथल्या तिथे, बाण गोठलेला आणि पंखा असा घरघरतो की आतल्या खोलीतून आई विचारायची, “इतक्या रात्री मिक्सर कोण लावतंय?”

मग उपचार सुरू झाले. लॅपटॉपखाली पोळपाट ठेवला, हवा खेळती राहावी म्हणून. मग पोळपाट काढून (सकाळी त्यावर पोळ्या असतात, हे मला बजावण्यात आलं) दोन विटा ठेवल्या. टेबलफॅन लावला, तर सोसायटीची व्हाउचरं उडाली. फडक्यात बर्फ गुंडाळून पाहिला. त्याबद्दल अधिक सांगत नाही, फक्त की-बोर्डवरचं ‘झेड’ तेव्हापासून दाबल्याशिवायच उमटतं. शेवटी दुकानात जाऊन आणखी चार जीबी रॅम बसवून घेतली. दुकानातल्या मुलाने विचारलं, “काका, गेम वगैरे खेळता का?” मी म्हटलं, “छे, ऑडिटचं काम असतं.” त्याने सहानुभूतीने पाहिलं. घरी येऊन गेम लावला. कुकर आणि महिने यांच्या गुणोत्तरात काडीचा फरक नाही.

घोडं कुठे पेंड खातंय ते अखेर मुलीनेच समजावून दिलं. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तरी तिला समजत होतं, हे विशेष.

“बाबा, प्रोसेसरला चार कोर आहेत. पण चारही कामाला लागत नाहीत.”

“आळशी आहेत?”

“नाही हो. तुमच्या बँकेत चार काउंटर असतात ना? आणि सही करणारा साहेब?”

“एकच,” मी म्हटलं. मला तिथल्या तिथे सगळं कळलं.

तिने पुढे अमडाल नावाच्या गृहस्थांचा 1967 सालचा नियमही सांगितला. जेवढं काम एकामागून एकच होऊ शकतं, तेवढ्याला कितीही माणसं लावा, फरक पडत नाही. जहाज आधी पोचलं की नाही हे ठरल्याशिवाय लढाई कोण जिंकलं ते ठरत नाही, लढाई ठरल्याशिवाय ग्रह कुणाचा ते ठरत नाही आणि ग्रह ठरल्याशिवाय त्याचा महसूल कुणाच्या खात्यात टाकायचा ते ठरत नाही. साहेबांच्या टेबलावर फाइलींचा ढीग, आणि मी काय केलं होतं? बाहेर बसायला आणखी चार खुर्च्या मांडल्या होत्या. रॅम म्हणजे खुर्च्या.

मग मी माझ्या पद्धतीने एक्सेलमध्ये हिशेब मांडला. दोनशे ताऱ्यांत कुठल्याही दोघांची जोडी लावायची तर 19,900 जोड्या होतात. हजार ताऱ्यांत 4,99,500. म्हणजे तारे पाचपट घेतले की “इथून तिथे कसं जायचं” हे प्रश्न पंचवीसपट. गणवेशाचं कापड असं वाढत नाही. आईने मापापेक्षा चार बोटं जास्त शिवलं तर चार बोटंच जास्त लागायचं, त्याचं चौरसात रूपांतर होत नसे.

पण खरा उलगडा वेगळाच होता, आणि तो झाल्यावर माझ्या स्वभावात जे बदल झाले ते लिहितानाही संकोच वाटतो.

1984 मध्ये केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी, ‘एलिट’ नावाचा गेम केला होता. बीबीसी मायक्रो या मशीनवर, 32 केबी मेमरीत. आज लग्नपत्रिकेचा फोटो त्याहून जड असतो. तरी त्यात आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत 256 ग्रह. ते कुठे साठवलेच नव्हते. एका बीजाच्या आकड्यातून, गणिताने, लागेल तेव्हा ग्रह उगवायचा, नावगावासकट. त्या गणिताने 281 लाख कोटी आकाशगंगा निघाल्या असत्या, पण प्रकाशक म्हणाला, आठ पुरे, जास्त दिसल्या तर लोकांना लबाडी कळेल. मी हे वाचून चाटच पडलो. त्यांना 32 केबीत दोन हजार ग्रह पेलले, मला आठ जीबीत हजार तारे का पेलू नयेत?

कारण त्यांच्या ग्रहांवर कुणी कायमचं राहत नव्हतं. आपण गेलो की तो उघडायचा, निघालो की मिटायचा. माझ्या ग्रहांवर माणसं होती. काही हजार घटक, आणि त्यातला प्रत्येक जण सारखा चाचपून बघत होता की माझ्यासाठी याहून बरी नोकरी कुठे रिकामी आहे का, मला घर आहे का, मी सुखी आहे का. तारे बिचारे काहीच मागत नव्हते. माझ्या साम्राज्याला मुंगीचा वेग आला होता तो माझ्या राज्यात लोक सुखाने नांदत होते म्हणून. मी जितका चांगला राजा, तितका लॅपटॉप मंद.

त्या रात्रीपासून मी बाळंतपणाची बातमी आली की दात-ओठ खायला लागलो. “चाकणवर नवीन लोकसंख्या,” अशी सूचना यायची आणि माझ्या तोंडून निघायचं, “अजून एक!” बायकोने एकदा ऐकलं आणि विचारलं, “काय अजून एक?” मी म्हटलं, “बाळ.” ती बराच वेळ काही बोलली नाही. नवीन घरं बांधणं मी बंद केलं. सहा ग्रह स्वतंत्र करून मांडलिकांच्या पदरात टाकले, तर कळलं की काही उपयोग नाही: राज्य दुसऱ्याचं झालं तरी लॅपटॉप माझाच. त्यांच्या पोराबाळांच्या नोकऱ्याही माझाच प्रोसेसर शोधणार. माझ्या समाधानासाठी एवढंच सांगतो की पुढे एप्रिल 2021 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत गेम करणाऱ्यांनीच साम्राज्य वाढेल तसा जन्मदर आवळला, आणि मे 2025 च्या 4.0 मध्ये माणसं एकेकटी मोजायचं सोडून गटागटाने मोजायला घेतली. म्हणजे मी काळाच्या थोडा पुढे होतो, इतकंच. पण 2019 मध्ये मला हे कोण सांगणार?

अशात 2400 उलटलं आणि आकाशगंगेच्या बाहेरून प्रेथोरिन आले. हे या गेममधलं शेवटचं संकट. किड्यांची टोळधाड, ग्रहामागून ग्रह खात सुटते. सर्व साम्राज्यांनी वैर विसरून एकत्र यावं, अशी अपेक्षा असते. मी दुर्बिणीतून पाहिल्यासारखं पाहिलं. आधी वेग आणखी पडला, कारण त्यांच्या जहाजांचाही हिशेब आलाच. पण पूर्वेकडचे पाच-सहा दाट वस्तीचे ग्रह खाऊन झाले, आणि त्या रात्री एका कुकरात महिना सव्वा महिना जास्त गेला.

मी गुराब, गलबत आणि पाल या तिन्ही ताफ्यांना बाजूला व्हायचा हुकूम दिला. वेशीचे दरवाजे उघडे. टोळधाडीच्या वाटेत माझा पहिला दाट ग्रह होता बी विंग. तिथे मी आधीच घरं बांधणं थांबवलं होतं, त्यामुळे लोक चिडलेले होतेच. मी ग्रहाचा तक्ता उघडून ठेवला, दृश्य नीट दिसावं म्हणून, आणि झोपायला गेलो. कारण आता मी गेम रात्रभर चालू ठेवायला लागलो होतो, उन्हात लोणचं ठेवतात तसा. सकाळी दोन-तीन वर्षं मुरलेली असायची.

ती सकाळ रविवारची होती, 22 सप्टेंबर 2019. दहा वाजता सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. ती तीस सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून पितृपक्ष असूनही घेतली होती, आणि त्यावरून आधीच दोघांनी नाकं मुरडली होती. यंदा हिशेब कागदावर वाटायचा नाही, प्रोजेक्टरवर दाखवायचा, ही सुधारणा माझी. प्रोजेक्टर मी मेहुण्याकडून आणला होता. मी घाईत लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि काखोटीला मारून हॉलमध्ये गेलो.

त्रेचाळीस सभासद हजर. हॉलच्या भिंतीवर चेअरमनच्या घरची पांढरी चादर. सेक्रेटरींनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, ते मंजूर झालं. मग, “आता खजिनदार हिशेब सादर करतील.” मी वायर जोडली, झाकण उघडलं, पासवर्ड टाकला.

चादरीवर बारा फूट रुंदीत एक ग्रह उमटला. वर ठसठशीत अक्षरांत नाव: बी विंग. खाली लाल आकडे. घरं, उणे नऊ. सुखसोयी, उणे चौदा. गुन्हेगारी, बासष्ट टक्के.

मी एक्सेल उघडायला हात टाकला आणि बाण गोठला. वर कोपऱ्यात तारीख दिसत होती. एक तारीख.

आयुष्यात मी बरीच शांतता ऐकली आहे, पण त्या हॉलमधल्या शांततेत फक्त लॅपटॉपचा पंखा होता. एक मिनिट झालं. दीड झालं. शेजारच्या साम्राज्यांचे महसूल मोजले जात होते. लोक वाचत होते. आमच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्याच्या वर पाणी चढत नाही, हा सात वर्षांचा वाद आहे, आणि दर सभेत तो ‘पुढील सभेत घेण्याचे ठरले’ या ओळीत संपतो.

“सुखसोयी उणे चौदा,” बी विंगचे एक काका मोठ्याने म्हणाले. “अहो, हे तर कमिटीच्या कागदावरच आहे की!”

“नाही काका, ते…”

“गुन्हेगारी बासष्ट टक्के कुणी काढली? आम्ही गुन्हेगार?” हा मागच्या रांगेतून आलेला प्रश्न.

“ती दुसरी बी विंग आहे,” मी म्हटलं.

“दुसरी कुठली?”

इथे मला खरं उत्तर देता आलं असतं. ते इतकं लांबलचक आणि इतकं वाईट होतं की मी गप्प बसलो. तेवढ्यात दोन तारीख उजाडली. बाण हलला, मी झडप घातली, पण त्याच्या आधी चादरीवर एक नवीन सूचना आली: बी विंगवर भडिमार सुरू झाला आहे. खाली एक किडा.

मी पॉवरचं बटण दाबून धरलं. चादर काळी झाली. त्याबरोबर मध्यरात्री भरलेल्या आणि सेव्ह न केलेल्या सिंकिंग फंडाच्या नोंदीही गेल्या. मग जो गदारोळ झाला त्यात चेअरमन तीनदा “शांतता” म्हणाले, पुनर्विकासाचा विषय आपोआप निघाला, सी विंगने आमचे आकडे का दाखवले नाहीत अशी हरकत घेतली, आणि पाऊण तासाने बी विंगला नवीन पंप आणि गच्चीवर जादा टाकी बहुमताने मंजूर झाली. इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलं: ‘बी विंगमधील सुखसोयींचा तुटवडा खजिनदारांनी आकडेवारीसह मान्य केला.’ मी ते सहीसाठी आलं तेव्हा दोनदा वाचलं. चुकीचं एक अक्षर नव्हतं.

रात्री मुलीने लॅपटॉप चालू केला. गेम आपोआप सेव्ह करत असतो. शेवटची नोंद टोळधाड बी विंगवर यायच्या चार महिने आधीची निघाली. बी विंग शाबूत होती, तेच लाल आकडे मिरवत.

“आता दोनशेची नवीन घ्या, बाबा,” ती म्हणाली. “राहण्याजोगे ग्रह पाव ठेवा. मजेत संपेल.”

तशी मी पुढे घेतली, आणि ती खरंच पंधरा दिवसांत संपली. पण त्या आधी जुनी सोडवेना. मी बी विंगवर घरं बांधायला काढली. गुराब, गलबत आणि पाल परत बोलावले. ते बी विंगपाशी पोचायला दिवाळी उजाडली; आमच्या घरातली दिवाळी, त्यांची नव्हे. लढाई डिसेंबरभर चालली. मी एका बाजूला लाडू खाल्ले, मग सोसायटीची पावती पुस्तकं तपासली, मग तिळगूळ आला.

खजिनदार अजून मीच आहे. निवडणुकीत दुसरं कुणी नाव देत नाही. परवा लिफ्टमध्ये बी विंगचे तेच काका भेटले. पंप छान चालतोय म्हणाले. मग मजला यायच्या जरा आधी, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “काय खजिनदार, आमची विंग आहे ना अजून?”

“आहे,” मी म्हटलं. “फक्त एक तारखेला जरा थांबावं लागतं.”